सटवाजीच्या वयाचे टोले

मुळा नदीच्या काठी खडकनांदूर नावाचे एक लहानसे गाव होते. शांतवन महाराज उतारवयात या गावी येऊन राहिले. ख्रिस्ती मंडळीच्या देवळामागच्या कडुनिंबाखाली झोपडी, हाती एकतारी आणि मुखी ख्रिस्ताचे नाव, एवढाच त्यांचा संसार. ते पाळक नव्हते, पंचही नव्हते. तरी कोणाच्या घरी दुःख आले की पावले आपोआप त्या कडुनिंबाकडे वळत.

ज्या बुधवारपासून ही गोष्ट सुरू होते, तो इतर बुधवारांसारखाच होता. मंडळीची वार्षिक सभा तोंडावर आली होती. नगरहून एक पाहुण्या बाई आल्या होत्या आणि मंडळीचे पंच शमुवेलराव त्यांना देऊळ दाखवत होते. शाळेची मास्तरीण सुवार्ता बाकांवर गीतांची पुस्तके मांडत होती. इतक्यात सटवाजी दारात उभा राहिला. खांद्यावर घंटेचा नवा दोर. गावाचे दोर पिढ्यानपिढ्या त्याच्याच घरी वळले जात.

"काय रे सटवा, टिकेल ना?" शमुवेलरावांनी विचारले.

"आबा, ह्याला म्हस बांधा. म्हस म्हातारी हुईल, दोर न्हाई तुटायचा."

"मग म्हशीलाच बांधू की. देवळाला कशाला?"

पाहुण्या बाई हसल्या आणि सुवार्ताला म्हणाल्या, "हा कोण हो?"

सटवाजी सुवार्ताचा बाप होता. गावाला ते ठाऊक होते, पण गाव तसे बोलत नसे, कारण सुवार्ताच बोलत नसे. बोर्डिंगात शिकून ती बाई होऊन परतली, शाळेच्या खोलीत राहू लागली, देवळात पुढच्या बाकावर बसू लागली. त्या बाकांवर वरच्या आळीची माणसे बसत. बाप खालच्या आळीचा. तो मागे, दाराशी बसे.

सुवार्ताने हातातले पुस्तक उगीचच पदराने पुसले. उत्तर शमुवेलरावांनी दिले, "दोरवाला आहे."

सटवाजीनेच मग लेकीची सुटका केली. "बाई, जरा सरका," तो तिला म्हणाला, "धूळ उडंल." आणि तो शिडी चढून दोर बांधायला वर गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे सटवाजी उठलाच नाही.

खडकनांदूरची एक रीत होती. मंडळीतले माणूस गेले की घंटा त्याच्या वयाइतके टोले देई आणि मग त्याला देवळाच्या आवारातल्या मातीत ठेवत. खालच्या आळीसाठी मात्र ती घंटा कधी वाजली नव्हती. त्यांची माणसे ओढ्यापलीकडच्या पडीक रानात जात.

सुवार्ता शमुवेलरावांच्या ओसरीवर गेली. तिने घंटा मागितली आणि जागा मागितली.

"बाई, तुम्ही शिकल्यासवरल्या," शमुवेलराव म्हणाले, "आणि असं खुळ्यासारखं काय बोलता? सटवाला टोले किती द्यायचे? जन्माची नोंद नाही. त्याचं वय त्याला तरी ठाऊक होतं का? दहा देऊ की शंभर?"

"आबा, बाप्तिस्मा त्यांनीही घेतला होता."

"घेतला होता ना! पाणी सगळ्यांना एक. माती ज्याची त्याला."

कोणी आगळीक करू नये म्हणून त्यांनी लगोलग घंटेचा दोर सोडवून आणला आणि घरात कुलपात ठेवला.

सुवार्ता खालच्या आळीत आली, तेव्हा महाराज सटवाजीच्या पायाशी बसले होते. तिने घडले ते सांगितले. "महाराज, मला त्यांना देवळाच्या आवारातच ठेवायचं आहे."

"कोणाला, बाई?"

"सटवाजींना."

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. मग हलकेच म्हणाले, "सटवाजी तुझे कोण?"

एकच शब्द हवा होता. तो तिने उच्चारला नाही. तिने मान खाली घातली. महाराजांनी पुन्हा विचारले नाही. "उचला रे," ते म्हणाले, "देवळाकडे चला."

"महाराज, आबा फाटक न्हाई उघडायचे," कोणी म्हणाले.

"न उघडू देत. आपण जाऊन उभं राहायचं. पुढचं ज्याचं घर तो बघेल."

भर दुपारी खालची आळी फाटकाशी येऊन थांबली. पलीकडे शमुवेलराव उभे होते, त्यांच्यामागे वरची आळी.

"महाराज, तुमच्या एकतारीनं कुलपं उघडत नसतात," ते म्हणाले. "न्या त्याला ओढ्यापलीकडं. आणि घंटेची वाट बघू नका. दोर माझ्या घरात आहे."

मागे चारदोन जण हसले. महाराजांनी एकतारी बाजूला ठेवली आणि ते तापलेल्या धुळीत गुडघे टेकून बसले. "प्रभू," ते म्हणाले, "क्रूसावर द्यायला तुलाही वेशीबाहेरच नेलं होतं. ती वाट तुझ्या पायाखालची आहे. आज तुझ्या भावाला घेऊन आत ये."

आणि काय सांगावे! घंटेचा टोला पडला. एक. मग दुसरा. तिसरा.

"वर कोण चढलंय रे?" शमुवेलराव ओरडले. "उतर खाली!" कोणी उतरेना. संतापाने ते स्वतः शिडी चढून गेले. टोले पडतच राहिले. वारा नव्हता, कडुनिंबाचे पानही हलत नव्हते. खालची आळी आधी दबकत मोजू लागली, मग मोठ्याने. पन्नाशीच्या पुढे तर अवघी आळी गर्जू लागली. एकसष्ट! बासष्ट! त्रेसष्ट! घंटा थांबली.

त्या शांततेत सटवाजीची थोरली बहीण धुरपदा बोलली, "सटवा माझ्या पाठचा, दोन वर्सांनी धाकला. म्हंजी म्या पासष्टाची! मला मेलीला आज कळलं!"

रडता रडता माणसे हसली. नोंद नव्हती ती माणसांकडे. देवाच्या वहीत सटवाजीचे वर्ष न् वर्ष लिहिलेले होते.

शमुवेलराव खाली आले ते पागोटे हातात घेऊन. "वर कोणी नाही. मी दोन्ही हातांनी घंटा धरून बघितली," ते म्हणाले, "तर तिनं मलाच हलवलं." त्यांनी फाटक सताड उघडले आणि ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवू लागले.

महाराज मागे सरले. "माझे कशाला धरता? ज्यांच्यासाठी वाजली त्यांचे धरा."

शमुवेलरावांनी सटवाजीच्या पायांवर कपाळ टेकले. "सटवाजीराव," ते म्हणाले, "चुकलो. आत चला." आणि तिरडीला त्यांनी स्वतः खांदा दिला.

दोन्ही आळ्यांनी मिळून खड्डा खणला. प्रार्थना झाली. पहिली मूठ माती रक्ताच्या नात्याच्या माणसाची असते. महाराज म्हणाले, "पहिली मूठ कोणाची?" पण त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही.

सुवार्ता गर्दीतून पुढे आली. तिने ओंजळभर माती घेतली. पाहुण्या बाई तिथे होत्या, शाळेची मुले होती, दोन्ही आळ्या होत्या.

"माझी," ती म्हणाली. मग तिने पुन्हा, फाटकापर्यंत ऐकू जाईल असे सांगितले, "मी सटवाजी दोरवाल्याची लेक. हे माझे आप्पा आहेत."