मागच्या चाकाची हवा

एकदा एक विद्वान शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे मोठ्या पेचात आला. शहरं दाट झाली आणि माणसं सायकलवर फिरू लागली की कुटुंबं लहान होतात का, हा त्याच्या अभ्यासाचा विषय. चार वर्षं तक्ते मांडून त्याने उत्तर काढलं होतं: होतात. आणि ते उत्तर स्वतःच्याच घराला लावून हा गृहस्थ मोकळा! पत्नी रेवतीला दुसरं मूल हवं होतं. हा म्हणे, "दोन खोल्या, एक सायकल. तक्ता नाही म्हणतो." आठ दिवस घरात अबोला होता.

गुरूंनी सगळं ऐकलं. मग अंगणात जाऊन त्यांनी शिष्याच्या सायकलच्या मागच्या चाकाची हवा सोडली आणि शांतपणे म्हणाले, "नीघ आता. मुलीची शाळा सुटेल."

शिष्य मनातून चरफडला, पण गुरूंपुढे बोलणार काय? सायकल ढकलत तो गल्लीच्या तोंडाशी पोचला, तोवर शाळा सुटून गेली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून दुकानदार बशीरभाई धावत आले. "सायकल ठेवा इथं. ओवीची काळजी नको, तुमच्या शेजारच्या गवंडेकाकू नातवाबरोबर तिलाही घेऊन आल्यात."

ओवी काकूंच्या ओट्यावर थालीपीठ खात होती आणि हातभर अंतरावरच्या समोरच्या खिडकीतून शेजारचे अण्णा तिला पाढे विचारत होते. "बाबा, थांब ना," ती म्हणाली, "अजून एक थालीपीठ यायचंय." निघताना काकूंनी घरच्यांसाठीही ताट झाकून दिलं. शिष्याला भरून आलं. यातलं काहीच त्याच्या तक्त्यांत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याने गुरूंच्या पायांवर डोकं ठेवलं. गुरू म्हणाले, "अरे, तुझा अभ्यास खोटा नाही. पण तो हजारो घरांविषयी सांगतो, तुझ्या एका घराविषयी नाही. दाटीत जागा कमी पडते हे खरं, आणि दाटीतच शेजार हाकेवर असतो हेही खरं. मुलं किती असावीत हे सांगणारा मी कोण? तू तक्त्याला विचारलंस. रेवतीला विचारलंस का?"

शिष्य उठला आणि घराकडे निघाला.

त्या संध्याकाळी तो रेवतीशेजारी जाऊन बसला. "माझं चुकलं. तू बोल, मी ऐकतो."

रेवती इतक्या दिवसांनी हसली. "बोलू निवांत. आधी काकूंचं ताट देऊन ये. आणि रिकामं नेऊ नकोस."

आपणही आयुष्याचा हिशेब मांडायला बसण्याआधी, कुणाकुणाचं ताट आपल्या घरी राहिलंय ते एकदा पाहावं.