नवरीच्या कपाळावरची नोट

तेलावर जगणाऱ्या एका आफ्रिकी देशात तेलाचे भाव पडले, तसं चलनही पडलं. पण जो तसं म्हणेल तो तुरुंगात, असा अर्थमंत्र्यांचा हुकूम होता. टोमॅटो विकणारी फोलाके बोलून गेली आणि शिपायांनी तिला उचललं.

मंत्र्यांच्या मुलीच्या लग्नात फोलाकेची आई इयाबो स्वयंपाकाला होती. तिथल्या रीतीप्रमाणे मंत्री नाचणाऱ्या नवरीच्या कपाळाला नोटा चिकटवू लागले. सगळ्या डॉलरच्या, देशाच्या चलनातली एकही नाही.

इयाबो पुढे झाली. "साहेब, माझी पोर तोंडानं बोलली म्हणून आत आहे. तुम्ही तेच पाचशे पाहुण्यांसमोर हातानं बोललात. तिच्या शेजारची कोठडी झाडून ठेवायला सांगू का?"

मंत्र्यांनी हातातली नोट घाईनं खिशात घातली. संध्याकाळी फोलाके घरी जेवत होती.