दोन सूत बाहेर

“…पण ज्यांनी बसवलं, त्यांच्याच माणसाविरुद्ध सही कशी करू, बाबा?”

केरबा नाईकवाडे परांचीखाली मान वर करून उभे होते. कडक इस्त्रीचे कपडे, चकचकीत बूट. मागं सरकारी गाडी.

वर मिस्त्रीबाबा विटा लावत होते. फकिरांच्या तकियातल्या मुसाफिरखान्याची भिंत होती ती. सत्तरी ओलांडलेले फकीर, पण हातातली थापी सुटली नव्हती. केरबा तरुणपणी त्यांच्याच हाताखाली गवंडीकाम शिकले, मग पुढाऱ्यांच्या मागं गेले.

“कुठं बसवलं म्हणालास?”

“दिल्लीला. घरासाठी कर्ज देणाऱ्या साऱ्या संस्थांवर नजर ठेवणारं खातं आहे. त्याचा मुख्य झालो. महिना झाला.”

“परीक्षा दिलीस?”

“कसली परीक्षा, बाबा. वीस वर्षं पक्षाच्या सभा उभ्या केल्या. मंत्र्यांनी नाव पुढं केलं.”

“बरं. मग?”

“मंत्र्यांच्या मेव्हण्याची एक संस्था आहे. लोक घराचे हप्ते भरतायत आणि जागेवर नुसते खांब उभे. सोमवारी मी सही केली तर तिला टाळं लागतं. नाही केली तर आणखी शेकडो घरं त्यात अडकतात.”

“आणि सही केलीस तर तुझं?”

“मंगळवारी खुर्ची जाते. दोरी त्यांच्या हातात आहे, बाबा. त्यांच्याकडंच बघावं लागतं.”

बाबांनी पिशवीतून ओळंबा काढला. पितळेचा जड गोळा, त्याला दोरी. भिंत सरळ आहे का ते बघायचा; सरळ असली तर गोळा भिंतीला जेमतेम टेकतो.

“साहेब, बूट काढा,” बाबा म्हणाले. “खाली चुना आहे.”

आम्ही चुना कालवणाऱ्या दोघी हसलो. साहेबांनी मुकाट्यानं बूट काढले.

बाबांनी दोरीची लाकडी गट्टी वर भिंतीला टेकवली आणि गोळा खाली सोडला. तो झुलायला लागला. केरबांनी घाईनं मुठीत धरला.

“विसरलास सगळं! हात काढ. धरून ठेवलास तर तो काय सांगणार?”

केरबांनी हात काढला.

गोळा इकडं गेला… तिकडं गेला… हळू झाला. वारासुद्धा पडला. माझ्या डोक्यावर घमेलं होतं, ते उतरवायचं मला सुचलं नाही. गाडीचा ड्रायव्हर खाली उतरून बघत राहिला.

गोळा थांबला. कुणी कधी हातच लावला नसावा, असा थांबला.

“काय म्हणतो?”

केरबांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“सरळ आहे, बाबा.”

“भिंत कुणाची?”

“तुमची.”

“दोरी कुणाच्या हातात?”

“तुमच्याच.”

“म्हणून सरळ?”

केरबा चुन्यातच उकिडवे बसले. एक डोळा मिटला. गोळा आणि भिंत यांच्यामध्ये बोटाचं टोक सरकवून पाहिलं. मग बाहीनं तोंड पुसलं.

“वरनं पुढं झुकलीय… दोन सूत बाहेर आहे.”

दोन सूत म्हणजे किती, तर करंगळीच्या निम्म्या जाडीएवढं. पण बाबांची भिंत बाहेर आहे, असं आजवर कुणी म्हटलेलं आम्ही ऐकलं नव्हतं. आम्ही माना खाली घातल्या.

बाबांनी डाव्या हातातली दोरी तशीच धरली, उजव्या हातानं थापी उलटी केली आणि सकाळपासून लावलेले तीन थर ठोकून आतल्या बाजूला पाडले.

“अहो बाबा, सकाळपासनं राबलो आम्ही!” मी ओरडलेच.

“मग काय छप्पर चढल्यावर पाडू, बाई?”

आणि बाबा हसत होते. खोटं नाही सांगत, लेकराला पहिला दात आल्यावर माणूस हसतं, तसे हसत होते. केरबांकडं बघून.

केरबांनी हात जोडले. डोळे भरले होते.

“तुम्ही भिंत पाडलीत, बाबा. मंत्री नाही पाडणार. ते ओळंबाच फेकून देतील.”

बाबांचं हसू थांबलं. गोळा अजून तसाच लोंबत होता. ना हलला, ना डुलला.

बाबांनी दोरी धरलेली मूठ उघडली.

गोळा खाली आला आणि ओल्या चुन्यात गळ्यापर्यंत रुतला. वरून दोरीचं वेटोळं पडलं. त्याच्या एका बाजूला केरबांचे अनवाणी पाय, दुसऱ्या बाजूला ते बूट.

“सुटला, केरबा…” बाबा वरून म्हणाले. “वाकडा गेला का?”