रिॲक्टरखालची खुर्ची

एकदा एका कारखानदाराला फार घाई झाली. कारखानदाराला घाई होणे यात नवल ते काय! पण या घाईत चार माणसांचे जीव गुंतले होते, म्हणून ही कथा.

त्याला एक औषधी द्रव्य मोठ्या प्रमाणावर बनवायचे होते. रिॲक्टरच्या पोलादी भांड्यात एक द्रव सतत ढवळायचा आणि वरच्या टाकीतून दुसरा द्रव त्यात हळूहळू सोडायचा. दोन्ही मिसळले की प्रचंड उष्णता निर्माण होई. ती भांड्याभोवती खेळवलेले थंड पाणी शोषून घेई. हे सारे आधी संगणकावर चालवून पाहण्याचे काम एका वृद्ध अभियंत्याच्या हुशार शिष्याकडे होते. त्याने ते केले. पडद्यावर तापमानाची रेषा सपाट राहिली. मालक खूश झाले आणि दुसऱ्याच दिवशी उत्पादन सुरू करायचे ठरले.

वृद्धांनी ती रेषा पाहिली. शिष्य शाबासकीची वाट पाहत होता. ते एवढेच म्हणाले, "उद्या रिॲक्टरखाली दोन खुर्च्या टाक. आपण तिथे बसू."

म्हातारपणी सरांना हे काय सुचले, असे शिष्याला वाटले. पण त्याने खुर्च्या टाकल्या.

सकाळी वरच्या मचाणावर चौघे कामगार सज्ज होते. डोक्यावर ते अवाढव्य भांडे घरघरत होते. वरून हाक आली, "साहेब, सोडू का?"

"याला विचार," वृद्ध म्हणाले. "हा म्हणेल तेव्हा सोड."

शिष्याने तोंड उघडले. तेवढ्यात त्याची नजर डोक्यावरच्या भांड्याकडे गेली.

"सांग ना. रेषा तर सपाट आहे."

"सर... वीज गेली तर? ढवळणं थांबेल, पण वरचा द्रव पडतच राहील. न मिसळता साचेल. आणि वीज परत आली की सगळा एकदम मिसळेल!"

"हे संगणकाला विचारलं होतंस?"

"नाही."

शिष्याने तिथेच लॅपटॉप उघडला आणि विचारले. रेषा जी उसळली, ती भांड्याची सहनशक्ती ओलांडून गेली.

"तुम्हाला हे ठाऊक होतं, सर?"

"होतं. तू 'सोडा' म्हणाला असतास, तर मी थांबवलं असतं. पण काल सांगितलं असतं, तर तू विजेपुरती दुरुस्ती करून मोकळा झाला असतास. पुढच्या वेळी संकट दुसरं असेल आणि मी नसेन. बाळ, संगणक खोटं बोलत नाही. पण तो आपण होऊन काळजीही करत नाही. काळजी आपण करायची असते, आणि गार खोलीत बसून ती सुचत नाही."

एवढ्यात मालक तणतणत आले. "काय खोळंबा आहे? काल तर तुमचा संगणक ठीक म्हणाला!"

एरवी शिष्याने सरांकडे पाहिले असते. आज पाहिले नाही.

"त्याला मी पुरतं विचारलंच नव्हतं, साहेब. चूक माझी आहे. वीज जाताच वरचा द्रव आपोआप बंद होईल अशी सोय झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

मालकांनी ती उसळलेली रेषा पाहिली. मग मान वर करून मचाणावरच्या चौघांकडे पाहिले. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"आधी त्यांना उतरवा," ते म्हणाले.