शिसवीचे टोक

मुलांनो, जनावरे धनुष्यबाण चालवीत, त्या काळातली ही गोष्ट. हसू नका, चालवीत म्हणजे चालवीत! तेव्हा नदीकाठच्या जंगलात एक म्हातारे साळिंदर राहत असे, आणि बाण बनवण्यात त्याचा हात धरणारे कोणी नव्हते. दरवर्षी पळस फुलला की पलीकडच्या काठावर एक भोपळा टांगत आणि अलीकडून त्यावर नेम धरत. साळिंदराचा मित्र, एक दणकट अस्वल, तो भोपळा हमखास टिपायचे. मग दोन्ही काठांवर जो काही जल्लोष व्हायचा! काय दिवस होते ते!

पुढे अस्वल वारले आणि कोणाचाच बाण पलीकडे पोचेना. शेवटी जंगलाचे मुखिया असलेले सांबर म्हणाले, "यंदा शेवटची संधी. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून भोपळा अलीकडेच टांगू." साळिंदर तडक पुढे आले. ते म्हणाले, "अलीकडे? मग बाण तरी कशाला हवेत? दगडच मारा की!"

यंदा माकड नेम धरणार होते. त्याची नजर पक्की, पण हात काटकुळे. जड बाण त्याला झेपला नसता. म्हणून साळिंदराने पोकळ बोरू निवडून सावलीत वाळवले, घासून गुळगुळीत केले आणि मागे बगळ्याची इवलीशी पिसे बसवली. फक्त पुढे शिसवीच्या जड लाकडाचे टोक ठोकले. असे तीन बाण तयार झाले. तळहातावर ठेवले तरी जाणवू नयेत इतके हलके! माकडाला मात्र वाटले, आजोबांचे या टोकाच्या वजनाकडे लक्षच गेले नाही. साळिंदराची पाठ वळताच त्या दीडशहाण्याने तिन्ही टोके उपटून नदीत फेकली आणि बोरूच तासून अणकुचीदार केले.

स्पर्धेत पहिला बाण भर्रकन वर चढला. "गेला, गेला!" सगळे ओरडले. पण वारा लागताच तो आडवा फिरला आणि गिरक्या घेत पाण्यात पडला. दुसऱ्याचेही तेच झाले. माकडाचा चेहरा उतरला. ते साळिंदराला म्हणाले, "आजोबा, चुकलो. टोकं मीच काढली. वाटलं, आणखी हलका केला तर आणखी लांब जाईल."

"अरे शहाण्या, त्या टोकामुळेच बाण नाकासमोर जातो!" साळिंदर कडाडले. "कुठलं वजन काढायचं आणि कुठलं ठेवायचं, हीच तर सगळी विद्या!" मग ते बिळातून एक जुना बाण घेऊन आले. अस्वलाने मारलेला तो शेवटचा बाण. इतकी वर्षे त्याला कोणाला हात लावू दिला नव्हता. साळिंदराने तो छातीशी धरला, डोळे पुसले आणि दातांनी त्याचे शिसवीचे टोक उपटले.

"राहू द्या, आजोबा. त्यांची एवढीच आठवण उरलीय," माकड कळवळून म्हणाले.

"बिळात पडून काय करायचीय आठवण? त्यालाही हे आवडलं नसतं." साळिंदराने ते टोक तिसऱ्या बाणात घट्ट बसवले. "धर. आणि घाई करू नकोस."

बाण सुटला. वाऱ्यात जरासा डगमगला, सावरला आणि थेट भोपळ्यात रुतला. दोन्ही काठांवर एकच आरडाओरडा झाला. सांबर म्हणाले, "भोपळा पलीकडेच राहील!"

साळिंदराच्या अधू डोळ्यांना तेवढ्या लांबचे दिसत नव्हते. "लागला का रे? खरंच लागला?"

"लागला, आजोबा! अगदी मधोमध!"

साळिंदर लहान मुलासारखे रडू लागले. "माझा मित्र गेला, तेव्हापासून ही आरोळी ऐकायला कान आसुसले होते रे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी माकड आपण होऊन त्याच्यासमोर येऊन बसले आणि बाण बनवायला शिकू लागले.

तात्पर्य : हलके होण्याच्या नादात सगळेच टाकून देऊ नये, जे आपल्याला वाऱ्यात भरकटू देत नाही ते वजन जपावे, आणि वेळ आली की प्रेमाने पुढच्याच्या हाती द्यावे.