पाहुण्या लाकडाचं दार

ऐका मंडळी. फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि पलीकडच्या गावाला होडीनंच जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. बोरखार गावात सुभाना नावाचा एक सुतार राहत होता.

बोरखारची भातशेती म्हणजे समुद्राच्या तोंडातून काढून घेतलेली जमीन. वाडवडिलांनी चिखलाचा लांबच लांब बांध घालून खारं पाणी बाहेर अडवलं होतं. त्या बांधात एक दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्यानं ते उघडे आणि पावसाचं पाणी बाहेर जाई. भरतीला बाहेरच्या रेट्यानं ते आपोआप मिटे. साऱ्या गावाचं पोट त्या एका दारावर होतं. पण खाऱ्या पाण्यातली कीड सागवानालाही सोडत नाही. वरून लाकूड धड दिसतं, आतून त्याची चाळण झालेली असते.

सुभानानं केलेलं सागवानी दार असंच एका भाद्रपदात फुटलं. भात पोटरीत होतं, लोंबी अजून बाहेर पडायची होती, आणि समुद्र आत आला. पुढं तीन वर्षं त्या शेतात मिठाशिवाय काही पिकलं नाही. लोकांनी मोलमजुरी करून दिवस काढले. सुभानाला तोंडावर कुणी बोललं नाही, पण घास उचलला की त्याला वाटे, हा दुसऱ्याच्या ताटातला आहे. त्याची बायको आवडी म्हणे, "अहो, कीड काय तुम्ही सोडलीत?"

"दार मी केलं होतं," एवढंच तो बोले.

चौथ्या वर्षी तीन डोलकाठ्यांचं एक परदेशी जहाज खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतलं. भार हलका करायला खलाशांनी लाकडाचे ओंडके पाण्यात ढकलले. आणि नवल असं, की एकही तरंगला नाही. दगडासारखे सगळे तळाला गेले. मोठ्या भरतीला जहाज सुटून निघून गेलं. बाकीचे ओंडके गाळानं गिळले, एक तेवढा काठाशी उघडा राहिला.

जहाज सुटायच्या आधी एक म्हातारा खलाशी गोडं पाणी न्यायला गावात आला होता. त्यानं मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, की हे झाड समुद्रापलीकडच्या बेटांवर उगवतं. इतकं सावकाश वाढतं, की लावणाऱ्याच्या नातवालाही त्याची सावली मिळत नाही. जाताना त्यानं ओंडक्याला दोन्ही हात लावून सलाम केला. त्या झाडाचं नाव काही कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मग गावानं त्याला नुसतं 'पाहुणा' म्हटलं.

आठ बैलजोड्यांनी पाहुण्याला ओढून वर आणलं, असं म्हणतात. चिखल धुतला तर लाकूड काळपट हिरवं, कळकलेल्या तांब्यासारखं. गावचे पोशा पाटील म्हणाले, "असली वस्तू देवाची. बापदेवाच्या मंडपाला खांब करू."

सुभाना चार वर्षांत पंचायतीत तोंड उघडून बोलला नव्हता. त्या दिवशी तो उठून उभा राहिला.

"पाटील, हे लाकूड पाण्यात बुडतं. ह्याच्यात कीड शिरायला जागाच नाही. ह्याचं दार होऊ दे."

"तुझ्या हातचं दार?" मागून कुणीतरी बोललं.

सुभानाची मान खाली गेली, पण तो बसला नाही. म्हणाला, "होय, माझ्याच हातचं. देवाला खांब द्याल, पण नैवेद्याला भात कुठून आणाल?"

शेवटी देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या; उजवी पडली तर दार, डावी पडली तर खांब. बऱ्याच वेळानं उजवीकडची पाकळी पडली आणि ओंडका सुभानाच्या अंगणात आला.

पहिल्या दिवशी कुऱ्हाड उसळून परत आली. दुसऱ्या दिवशी पटाशीची धार गेली. तिसऱ्या दिवशी करवतीचे दात पडले. लोक अंगणावरून जाताना विचारत, "काय सुभाना, पाहुणा काय म्हणतो?" मग सुभानानं हत्यारं खाली ठेवली आणि सात दिवस तो नुसता त्या लाकडापाशी बसला. हात फिरवी, कान लावी, बोटानं टिचकी मारून ऐके. आठव्या दिवशी आवडीला म्हणाला, "अगं, मी ह्याच्याशी मारामारी करत होतो. ह्याचा एक थर उजवीकडे वळतो, एक डावीकडे. एका अंगानं गेलं तर हा वाट देणार नाही. जरा इकडनं, जरा तिकडनं, असं विचारत विचारत जायला हवं."

मग नवऱ्यानं करवतीचं एक टोक धरलं, बायकोनं दुसरं. ओली रेती घालून दोघं ओढत. दिवसाला बोटभर चीर पडे. अकरा महिने ते काम चाललं. भुसा हिरवा पडे, आणि त्याला असा गोड वास सुटे की अंगणात मधमाश्या येऊन बसत, असं म्हणतात. हळूहळू थट्टा थांबली. बायका पोरांना कडेवर घेऊन तो वास घ्यायला येऊ लागल्या. दाराला एकही खिळा मारला नाही. दार ज्या खुंट्यांवर फिरायचं त्या खुंट्याही पाहुण्याच्याच. त्या लाकडाच्या अंगात स्वतःचं तेल होतं. वंगण म्हणून त्यांना कधी लावावं लागलं नाही.

दार बसलं, पहिल्या पावसानं शेतातलं मीठ धुऊन नेलं, गावानं भात लावलं, आणि त्याच वर्षी भाद्रपदात अमावस्येचं उधाण आलं. तसं उधाण पुन्हा कुणी पाहिलं नाही. भर दुपारी पाणी माडाएवढं उभं राहिलं. माणसं गुरं घेऊन टेकडीवर पळाली. सुभाना मात्र बांधावर गेला आणि आतल्या अंगानं दाराला पाठ लावून बसला. आवडी धावत आली.

"उठा! फुटलं तर तुम्ही आधी जाल!"

"फुटलं तर मला उरायचंच नाही," तो म्हणाला.

तिनं पदर खोचला. मग ती त्याच्या शेजारी बसली. म्हणाली, "करवतीचं दुसरं टोक माझ्याकडं होतं."

समुद्र धडका देत होता. प्रत्येक धडकेला ते दार मोठ्या घंटेसारखं घुमे, आणि तो नाद तीन गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. पाणी ओसरल्यावर पोशा पाटील सर्वांच्या आधी खाली आले. दाराच्या बाहेरच्या अंगाला मासे आणि शिंपले अडकले होते. आतल्या अंगावरून त्यांनी हात फिरवला. हात कोरडा होता. आणि मागं कोसभर भात वाऱ्यावर डुलत होतं. पाटलांनी डोक्याचं पागोटं काढून सुभानाच्या डोक्यावर ठेवलं. त्या दिवशी सुभाना पाच वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

पुढं तो पुष्कळ जगला. तो गेला त्या दिवशी ओहोटी लागली तरी दार उघडलं नाही. त्याची तिरडी बांधावरून पार गेली, तेव्हाच ते हललं, असं म्हणतात.

आता बांध दगडी झाला आहे, पण दार तेच आहे. नवं भात आलं की पहिली लोंबी बोरखारचे लोक देवळात नेत नाहीत, उघाडीला बांधतात. देवाची त्याला हरकत नाही. आणि गावात कुणी सुतारकीला हात घालणार असेल, तर त्याला आधी बांधावर नेतात. तिथं पाहुण्याचा एक उरलेला तुकडा ठेवला आहे. नवी करवत त्याच्यावर तीनदा ओढायला सांगतात. नवखा सगळा जोर लावतो. लाकडावर ओरखडासुद्धा उठत नाही.

मग जाणती माणसं हसतात, त्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "नाही ना उठला? मग आता शिकायला बस."