राईचं पांघरूण

एकदा काय झालं, एका राजाच्या आजोबांना पाचोळ्याचा राग आला. हो, पाचोळ्याचा! म्हाताऱ्यांना कशाचाही राग येतो आणि तो निस्तरायचा असतो नातवंडांनी.

त्यांच्या गावाच्या वर, डोंगराच्या अंगावर एक राई होती. झाडं इतकी दाट की खाली भरदुपारी संध्याकाळ. आजोबांनी हुकूम काढला, "रोज झाडा. एक पान दिसता कामा नये." मग लोक रोज झाडू लागले. आधी पाचोळा गेला. मग त्याच्या ओलाव्यावर जगणारे नेचे गेले. मग पावसाबरोबर माती वाहून गेली. पुढे आजोबाही गेले, पण झाडलोट चालूच राहिली. का झाडायचं, हे विचारायची पद्धत नव्हती. कुशा, पाय आत घे आणि ऐक.

त्या राईत एक झरा होता. सगळं गाव त्याचंच पाणी प्यायचं. तो आधी मांडीएवढा जाड वाहायचा. मग मनगटाएवढा झाला. मग करंगळीएवढा. बायका कळशी लावून बसायच्या आणि कळशी भरेपर्यंत त्यांचं अर्धं भांडण उरकायचं.

मग एका दुपारी राजा जेवून आडवा झाला, तेव्हा त्याच्या स्वप्नात राईचा राखणदार आला. उंच, काळा, खांद्यावर घोंगडी. म्हणाला, "तू पांघरूण घेऊन घोरतोस आणि माझी जमीन उघडी. तिला हिरवं पांघरूण घाल. पुढच्या वर्षी काजवे चमकले की मी बघायला येईन. हिरवं दिसलं तर बरं. नाही दिसलं, तर झरा गुंडाळून घेऊन जाईन."

राजा दचकून उठला. त्याने प्रधानाला बोलावलं. प्रधानाला बागा माहीत होत्या, पण उन्हातल्या. त्याने राईत गुलाब लावले, झेंडू लावला. गुलाब ऊन शोधत नुसते काठ्यांसारखे लांबले. झेंडू बुडाशी कुजला. प्रधान म्हणाला, "रोपंच हलकी निघाली, महाराज."

मग राजगुरू पुढे आले. "पवित्र ते कुठेही रुजतं," म्हणाले. त्यांनी तुळशी लावल्या, दूर्वा लावल्या. त्या सावलीत पिवळ्या पडल्या आणि गेल्या. राजगुरू म्हणाले, "गावात पाप फार झालंय." बघा, दोघांचंही काहीच चुकलं नाही. मोठ्यांचं चुकतच नाही ना!

मग राहिली राजाची मुलगी. तिचं नाव पागोळी. पावसात छपरावरून गळते ना धार, ती पागोळी. लहानपणी सारखी रडायची म्हणून हे नाव ठेवलं. लेकरू का रडतंय ते बघायचं सोडून नाव ठेवून मोकळे झाले. ही पागोळी राजगुरूंच्या पाठशाळेतून पळून आली होती, कारण तिथे प्रश्न विचारला की छडी बसायची. दिवसभर राईत बसायची. म्हणाली, "बाबा, मी लावू?"

"तुला काय येतं?" राजा म्हणाला.

"काही नाही. पण ज्यांना येतं त्यांचं बघितलं की आपण."

राजाकडे दुसरं कोणी उरलं नव्हतं.

पागोळी डोंगरापलीकडच्या दरीत गेली. आजोबांचा झाडू तिथवर पोचला नव्हता. तिथेही तशीच दाट सावली, पण जमीन हिरवीगार. ती खाली बसली आणि झाडांनाच विचारलं, "ऊन किती लागतं रे तुम्हाला?"

नेचा म्हणाला, "पानांतून गळेल तेवढं पुरे."

नाजूक पानांचा हंसराज म्हणाला, "मला ऊन नकोच. दगडाचा ओलावा दे."

रानहळद म्हणाली, "मला सकाळचा एक कवडसा हवा बाई. त्याशिवाय मी फुलत नाही."

मग तिघंही म्हणाले, "पण एक ऐक. पाऊस सरला की आम्ही झोपतो. वर काही दिसणार नाही. तेव्हा उकरून बघायचं नाही. उकरलंस तर आम्ही मेलो."

पागोळीने प्रत्येकाची थोडी मुळं, थोडे कंद आणले. हंसराज झऱ्याच्या दगडांत बसवला, रानहळद कवडशात, नेचे गर्द काळोखात. झाडणाऱ्यांच्या हातातले झाडू काढून घेतले आणि सगळ्यावर पाचोळा अंथरला. श्रावणात राई अशी हिरवी झाली की राजा आपणच सगळं केल्यासारखा मिशीला पीळ देत हिंडला.

पण मग थंडी आली. रानहळदीची पानं पिवळी पडली आणि मातीत गेली. हंसराज सुकून तारेसारखा झाला. नेचे करपले. होळी झाली तेव्हा वर फक्त पाचोळा होता. आणि झरा झाला दोऱ्याएवढा.

गावाला वाटलं, सगळं मेलं. पागोळीलाही वाटायचं, बरं का. तिला कुठे खात्री होती? रोज जायची. बोट मातीशी न्यायची आणि परत घ्यायची. झाडं खोटं बोलली असतील तर? आपण चुकीची निवडली असतील तर? निमी, तू का नखं खातेस? ती पण खायची.

मग प्रधान कुदळ घेऊन आला. "जरा बघू तर." एक बाजू उकरली. निघाले आल्यासारखे गड्डे. "सडकं आलं!" म्हणाला आणि दिले फेकून. मग राजगुरू आले. "मी फक्त खात्री करतो." त्यांनी दुसरी बाजू उकरली. मग एके दिवशी सकाळी राजा स्वतः कुदळ घेऊन आला.

उरला होता मधला एक तुकडा. पागोळी त्याच्यावर आडवी झाली.

"ऊठ," राजा म्हणाला.

"नाही उठणार."

"अगं, मेलेल्या झाडांवर काय झोपतेस?"

"झोपली आहेत ती, बाबा. तुम्ही घोरता तेव्हा तुम्हाला कोणी उकरून बघतं का, जिवंत आहात का म्हणून?"

राजाने कुदळ उचलली. पण मुलीच्या अंगावर कशी घालणार? दिवसभर तो तिथेच बसला. वळवाची एक हलकी सर येऊन गेली. पागोळी हलली नाही. पडल्या पडल्या तिला झोप लागली.

दिवस मावळला आणि एक काजवा चमकला. मग दुसरा. राजाने कुदळ पाठीमागे लपवली. झाडांमागून राखणदार आला. त्याने उकरलेल्या जमिनीकडे बघितलं, राजाकडे बघितलं. मग झऱ्याचं टोक धरलं आणि पाणी कोपराभोवती गुंडाळू लागला, सुताची लड गुंडाळतात तसं. राजा रडायला लागला. तेवढ्यात राखणदाराला पागोळी दिसली. तो थांबला.

"झोपलेल्याच्या उशाचं पाणी मी नेत नाही," म्हणाला. "हिला उठू दे."

पागोळी उठली. बघते तर काय, ती निजली होती तिथला पाचोळा हळूच वर उचलला जात होता. त्यातून हिरवी टोकं डोकावत होती. डोक्याच्या जागी, हातांच्या जागी, दुमडलेल्या पायांच्या जागी. जमिनीवर एक हिरवी मुलगी निजलेली होती. बाकी सगळी राई उघडी, तेवढी एक झाकलेली.

राखणदाराने कोपरावरचं पाणी सोडून दिलं. म्हणाला, "एवढं पुरे. हे पसरेल." आणि घोंगडी सावरून झाडांत गेला.

मग ते पसरलं. झरा करंगळीएवढा झाला, मनगटाएवढा झाला, मांडीएवढा झाला. गाव पोटभर पाणी प्यायलं आणि सुखाने राहिलं. राजा सुधारला का? थोडासा. निदान कुदळ तरी त्याने घरात ठेवली नाही.

चला, आता डोळे मिटा. मी पांघरूण घालते. सकाळपर्यंत तुम्हाला कोणी उकरणार नाही.